सात नंबरच्या कोठडीचं कुलूप

हसू नका, मित्रांनो. मी एक जुनं लोखंडी कुलूप, आणि तरी भित्रा. ठाण्याच्या लोहारानं मला घडवलं तेव्हा वाटलं होतं, धान्याच्या कोठाराला लागेन, लोक वाखाणतील. लागलो तो खाडीकाठच्या एका वेड्यांच्या इस्पितळात, सात नंबरच्या कोठडीला. आत आवडाबाई कोळीण. नवरा समुद्रात बुडाला तेव्हा ती महिनोन्‌महिने आक्रोश करत हिंडली, म्हणून दिरानं आणून सोडलं. रडणं केव्हाच थांबलं. मी मात्र सहा वर्षं तिच्या दाराला लटकूनच.

दरवर्षी मोठे डॉक्टर तिला विचारायचे, "आज तारीख काय?" गजांतून चंद्र बघून दिवस मोजणारी बाई ती! ती सांगायची, "आज दोनला पानी भरंल." डॉक्टर लिहायचे, 'असंबद्ध बडबड'.

त्रेपन्न साली सरकारनं नेमलेली समिती आली. कुणाला विनाकारण कोंडलंय ते बघायचं नि सरकारला कळवायचं, हे तिचं काम. आदल्या दिवशी भिंतींना चुना लागला, मला तेल. रखवालदार विश्राम कुजबुजला, "आवडाबाई, पाण्याबिण्याचं काढू नको हां. तारीख पाठ कर, नाहीतर मरेपर्यंत इथंच." बिचारी दिवसभर तारीख घोकत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी समितीतल्या डॉक्टर सुहासिनीबाईंनी तोच प्रश्न विचारला. आवडाबाईचं घोकलेलं सगळं पळालं.

"तीनला... तीनला पानी भरंल, बाय."

संपलं! मोठे डॉक्टर हसले, "बघा, दरवेळी हेच."

सुहासिनीबाई हसल्या नाहीत. "विश्राम, इथून खाडी दिसते?"

"गच्चीवरून दिसते, बाई."

"मग जा वर. मी बसते."

एक वाजता विश्राम वरून ओरडला, "चिखलच आहे!" दोन वाजता, "काठ अजून उघडा!" बाकीचे मेंबर घड्याळं बघू लागले. आवडाबाईनं गज घट्ट धरले होते. समिती उठून गेली तर?

"भरली! काठाला लागली!"

तीनला पाच कमी होते. सुहासिनीबाई मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "हिला दिवस कळतो हो, भरतीच्या वेळेवरून. आपल्यालाच हिचं बोलणं कळलं नाही."

आठवड्यानं सुटकेचा हुकूम आला नि तिची बहीण शेवंती न्यायला आली. उंबरा ओलांडताना आवडाबाईनं घाबरून मागं माझ्याकडेच पाहिलं.

आता मी कागदांच्या कपाटाला असतो. पण कुणी मला काढून हातात घेतलं, की अजून धडकी भरते. कुठल्या दाराला नेतायत? मित्रांनो, एवढं ऐका माझं. मला कपाटालाच राहू द्या.