रोरीचा भाव

रविवारी सकाळी जावयाचा फोन आला तेव्हा डोरीन पेगलर बटाटे सोलत होती. गॅविन मोटार शर्यतीच्या टीममध्ये इंजिनिअर. गाडी पळत असताना ड्रायव्हर रोरी ॲशडाउनच्या कानात जो आवाज बोलतो, तो त्याचा. आज स्वारी बेल्जियममध्ये होती. बायकोची चौकशी झाली, लेकीच्या पडलेल्या दाताची झाली, तरी पठ्ठ्या फोन ठेवेना.

"बोल रे बाबा, काय झालंय?" डोरीनने विचारलं.

"काही नाही. म्हणजे... रोरी आज पुढे असला तरी त्याने आमच्याच टीमच्या दुसऱ्या ड्रायव्हरला, बेलमाँटला वाट द्यायची, असं ठरलंय. वर्षाच्या विजेतेपदासाठी बेलमाँटला गुण हवेत. मी 'इंजिन थंड ठेव' म्हटलं की रोरीने समजायचं. पोराचं आयुष्यातलं पहिलं जिंकणं असेल गं ते, आणि सांगायचं मीच!" तो थांबला. "डोरीन, हे बाहेर गेलं तर माझी नोकरी गेलीच समज. तू काही ऐकलं नाहीस."

"मी काय ऐकलं?" असं म्हणून तिने फोन ठेवला. मग तिला दरदरून घाम फुटला. कारण डोरीनचं पैजांचं दुकान होतं, गावातलं एकमेव. रोरीही याच गावचा, रस्त्यापलीकडच्या गॅरेजवाल्याचा मुलगा. तो आज दुसऱ्या जागेवरून सुटणार होता आणि अख्खं गाव त्याच्यावर पैसे लावायला येणार होतं.

डोरीन काही संतबाई नव्हती. लोकांचे पैसे तिने आजवर हसत हसत गल्ल्यात टाकले होते. पण कुठला घोडा जिंकणार हे ना तिला ठाऊक असायचं, ना त्यांना. दोघंही आंधळे, म्हणून खेळ सरळ. आज तिचे डोळे उघडे होते आणि समोरच्यांचे बांधलेले. दुकान बंद ठेवावं? गावच्या पोराची शर्यत आणि दुकानाला कुलूप, म्हणजे गावभर बोंब. रोरीवरच्या पैजा घेतच नाही म्हणावं? ती तर दवंडीच झाली असती. आणि तोंड उघडावं तर लेकीच्या संसाराची राख.

दुपारी दुकान उघडताना तिला वाटलं, आपल्याला तोड सापडली. पाटीवर रोरीचा भाव पौंडामागे सहा होता, म्हणजे तो जिंकला तर लावलेल्या एका पौंडावर सहा पौंड मिळणार. तिने तो बाहीनेच पुसला आणि पौंडामागे अर्धा करून टाकला. अर्ध्या पौंडासाठी कोण मरायला येतंय? लोक आपले घोड्यांवर पैसे लावतील. बाई खूश होऊन चहा करायला आत गेली.

तिची अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय! बुकीने भाव एवढा पाडला की गिऱ्हाईक काय समजतं, हे डोरीनने झोपेतही सांगितलं असतं: आतली बातमी आली, हा जिंकणार. त्यात जिचा जावई रोरीच्या कानात बोलतो, तिनेच भाव पाडलेला.

पहिली धावत आली ती मासे-बटाटे तळणारी बर्निस.

"डोरीन, अगं बाई! सहाचा एकदम अर्धा? गॅविनचा फोन आला वाटतं?"

"छे! त्याला कुठला वेळ!"

"जरा आरशात बघ, तोंड कसं झालंय ते. अर्धा तर अर्धा, घे माझे."

"अर्ध्यासाठी कशाला गं? आज घोडे चांगले आहेत."

"बघा रे, आपल्याला घोड्यांकडे पिटाळतेय! पैसे द्यावे लागणार म्हणून पोटात दुखतंय हिच्या!"

दुकान खदखदून हसलं. ती जितकी नको म्हणे तितकी रांग वाढे. भाव परत वर न्यावा, तर जास्त मिळणार म्हणून आणखी उड्या पडायच्या. डोरीन पैजेच्या चिठ्ठ्या फाडून देत राहिली.

शेवटी सिरिल टॅपिन उठला. हा म्हातारा पोस्टमन बायको गेल्यापासून रोज इथे येऊन हीटरजवळ बसायचा, पेपर वाचायचा. पैज त्याने कधीच लावली नव्हती.

"माझेही घे," त्याने नोटा पुढे केल्या.

"सिरिल, तुम्ही नका लावू."

"का गं?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. डोरीनच्या डोळ्यांपुढे दात पडलेली नात आली.

"सहज म्हटलं," ती म्हणाली. "आणा."

दुकानातल्या टीव्हीवर शर्यत सुटली आणि पहिल्याच वळणावर रोरी पुढे गेला. दुकान नाचायला लागलं. डोरीन मात्र मागच्या बेलमाँटकडे बघत होती. देवा, कुणाला लागू-बिगू नये, पण त्या मेल्याची गाडी तेवढी बंद पाड! गाडी बंद पडली नाही. शेपूट धरल्यासारखी ती रोरीच्या मागेच राहिली. शर्यत संपत आली आणि टीव्हीवर रोरीच्या कानात बोलणाऱ्या गॅविनचा आवाज ऐकू आला.

"रोरी, इंजिन थंड ठेव."

"तापलं वाटतं इंजिन," बर्निस म्हणाली. "असू दे, टिकेल!"

डोरीनने तोंडावर हात दाबून धरला. रोरी पुढेच होता, जोरात होता. क्षणभर तिला वाटलं, हा ऐकणार नाही. ऐकू नकोस रे राजा!

"रोरी. इंजिन थंड ठेव. प्लीज." या वेळी गॅविनचा आवाज चिरकला.

पुढच्या सरळ रस्त्यावर रोरीची गाडी मंदावली आणि बेलमाँट बाजूने निघून गेला.

कुणी इंजिनाला शिव्या घातल्या, कुणी पोराच्या फुटक्या नशिबाला. बर्निसने डोरीनला मिठीच मारली. "तुलाही किती खात्री होती गं! आपल्या गावचाच पोरगा तो." एकेकाने तिची पाठ थोपटली, समजूत घातली. डोरीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळे गेले. सिरिल मागे राहिला. काउंटरशी येऊन त्याने विचारलं, "खरंच तापलं होतं का गं इंजिन?"

गल्ला उघडून डोरीनने त्याच्या नोटा पुढे ठेवल्या.

"रोरी पुढे होता तेव्हाच तू तोंडावर हात दाबलास," सिरिल म्हणाला. "बाकीचे टीव्ही बघत होते. मी तुला बघत होतो."

"घ्या हे. सगळ्यांचे परत करते, आत्ताच—"

"आणि कारण काय सांगशील? कुणीतरी विचारणारच. मग गॅविनचं काय?" त्याने नोटा पुन्हा तिच्याकडे सरकवल्या. "रोरीला मागे घ्यायला लावलं म्हणून टीमला मी दोष देत नाही. त्यांची गाडी, त्यांचा पोरगा. त्यांनी काही मला पैज लाव म्हटलं नव्हतं."

"मीसुद्धा नको म्हटलं होतं, सिरिल!" तिला रडू फुटलं. "सगळ्यांना म्हटलं!"

"म्हटलंस. मग मी 'का' म्हणून विचारलं, तेव्हा माझे पैसे घेतलेस."

त्याने टोपी चढवली, कोटाची बटणं लावली. "मी कुणाला काही बोलणार नाही. पोरांना सुखात राहू दे." दाराशी जाऊन तो म्हणाला, "उद्यापासून मी वाचनालयात बसेन. पेपर तिथेही येतात."

तो गेला. त्याला हाक मारून थांबवावं असं डोरीनला फार वाटलं, पण थांबवून सांगायला तिच्याकडे काही नव्हतं.