जयाचं इंग्रजी

एप्रिलमधल्या एका सकाळी, पेपर वाचता वाचता, आनंदरावांच्या हातून चहाचा कप निसटला. चहा मांडीवर सांडला तरी ते उठले नाहीत, तेव्हा जया स्वयंपाकघरातून धावत आली. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

"अहो, काय झालं? बोलून काहून नाही राहिले?" ती त्यांना हलवत विचारत राहिली. त्यांचे ओठ थरथरले, पण आवाज फुटला नाही.

शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वेळेत पोचले म्हणून जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत ओढत चालू लागले. वाचा मात्र गेली.

रामेश्वरी वस्तीतल्या त्या घराला शांततेची सवय नव्हती. आनंदरावांनी सारी उमर शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, आणि शाळा सुटली की पुढच्या खोलीत शिकवणी चालायची. आवाज असा खणखणीत, की गल्लीतून भाजीचा ठेला नेणाऱ्यालाही नाउन आणि व्हर्ब पाठ झाले असतील. जया भिवापूरची. दहावीत इंग्रजीतच नापास झाली, त्याच साली लग्न झालं, पुढे अंगणवाडीत नोकरी केली. इंग्रजीच्या मास्तराच्या बायकोला इंग्रजी येत नाही, याचं त्या दोघांना कधी काही वाटलं नाही. त्यांचं बोलणं निराळंच होतं.

"जये, आज भाजीत मीठ टाकलं, का भाजीले नुसतं मीठ दाखवलं?"

"दाखवलं. तुमचं बीपी पाहून लाजलं थे अन् परत डब्यात गेलं."

असं रोज चाले. तेवढ्यावर संसार कसा पार पडला, ते कळलंही नाही.

उन्हाळा मुकाच सरत आला. मग एका दुपारी कूलरसमोर पडल्या पडल्या आनंदराव म्हणाले, "वॉटर."

जयाच्या हातातली परात खाली पडली. पाणी पाजता पाजता ती रडली, हसली, मग मुलीला, नंदिनीला, बँकेत फोन लावला. "नंदे, तुहे बाबा बोलले वं! पाणी मागितलं त्यायनं!"

दुसऱ्या दिवशी ते "फॅन" म्हणाले. मग "पेपर". मग दोन शब्दांची जोडी जमली, "कोल्ड वॉटर". घरात सण असल्यासारखं झालं. पण आठवडे उलटले तरी मराठीचा एक शब्द येईना. पाणी समोर धरून जया म्हणायची, "म्हणा, पाणी. पा-णी." ते जिवाच्या आकांतानं ओठ जुळवायचे, कपाळाला घाम यायचा, आणि शेवटी मान खाली घालून पुटपुटायचे, "वॉटर."

धंतोलीतल्या काजल मॅडमकडे त्यांना बोलण्याच्या उपचारासाठी नेत होते. त्यांनी जयाला समजावलं. काहींच्या बाबतीत असं होतं. दोन भाषा येणाऱ्या माणसाची एक भाषा आधी परतते, दुसरी मागे राहते. कोणती परतेल ते कुणाच्या हातात नसतं.

"पण मॅडम, मराठी त्यायच्या मायची भाषा आहे."

"हो ना. येईलही कदाचित. त्यांना तुमचं बोलणं कळतं. तुम्ही मराठीतच बोला. त्यांना इंग्रजीत बोलू द्या."

तसं सुरू झालं. पण आनंदरावांचं इंग्रजी वर्गातलं होतं. त्यात थट्टा नव्हती, 'जये' नव्हतं. ते म्हणायचे, "प्लीज गिव्ह मी द टॉवेल." टॉवेल दिला की म्हणायचे, "थँक यू." उभ्या संसारात या माणसानं तिला कधी प्लीज म्हटलं नव्हतं. जयाला वाटे, आपल्या घरात कुणी सभ्य पाहुणा राहायला आलाय, आणि आपला माणूस कुठे गेला ते त्याला विचारताही येत नाही.

एका दुपारी त्यांनी काहीतरी विचारलं. तिला कळलं नाही. पुन्हा विचारलं. तिनं पंखा वाढवला. त्यांनी मान हलवली, पुन्हा तेच बोलले. तिनं उशी सरळ केली, गोळ्यांची डबी आणली, संडासला नेऊ का विचारलं. आनंदरावांनी डोळे मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं.

संध्याकाळी नंदिनी आली. वडिलांशी बोलून स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आई, बाबा दुपारी विचारून राहिले होते, तू जेवली का."

जया ओट्याला टेकून उभी राहिली. खरंच जेवली नव्हती ती. मग म्हणाली, "माह्या नवऱ्याचं बोलणं मी तुह्या तोंडून काहून ऐकू? मी शिकतो इंग्रजी."

"या वयात? कोण शिकवणार तुले?"

"मास्तर घरात असून बाहेर कायले जाऊ?"

पुढच्या खोलीतला फळा अजून भिंतीवर होता. जयानं तो ओल्या फडक्यानं पुसला, खडू आणला आणि आनंदरावांना खुर्चीवर बसवून ती खाली चटईवर बसली. "शिकवा मले," ती म्हणाली. ते बघतच राहिले. मग डाव्या हातानं खडू धरला. अक्षरं लहान पोरासारखी वाकडीतिकडी आली, पण शिकवण्याची रीत हात विसरला नव्हता.

आधी नुसता शब्द. मग त्या शब्दाच्या आत काय आहे ते. टीच लिहिलं, त्याला शेपूट लावलं, टीचर झालं. हॅपीच्या आधी दोन अक्षरांचं 'अन' बसवलं आणि बोटानं स्वतःचं वाकडं तोंड दाखवलं. "अनहॅपी." जयाला पटकन उमगलं. "म्हणजे आपला 'ले' मागून चिकटते तसा. मले, तुले. एकटा असला तं त्याले काही अर्थ नाही, पण चिकटला की काम करते." आनंदरावांचे डोळे चमकले. "येस! व्हेरी गुड!"

मग शब्दाला शब्द जोडून फ्रेज. ऑन द टेबल. इन द मॉर्निंग. त्यात क्रियापद नाही, म्हणून ती अधांतरी. मग क्लॉज. आनंदरावांनी लिहिलं, व्हेन नंदिनी कम्स. आणि थांबले. जया वाट बघत राहिली. "पुढं काय? नंदिनी आली का काय?" ते हसले, आजारानंतर पहिल्यांदा. पुढे लिहिलं, वुई विल ईट. असं लहानाला लहान जोडत मोठं वाक्य उभं राहायचं, आणि जे सुटं असताना लटकत होतं ते वाक्यात आलं की जागेवर बसायचं. "इज कमिंग"वर तर जया खूश झाली. "हे तं आपलंच आहे. येऊन राहिली!"

पावसाळा त्यात गेला, दिवाळी आली. जया चुकायची, पण आता दुभाषी लागत नव्हता. संध्याकाळी दोघं अंगणात बसत. ती मराठीत सांगायची, भिवापूरहून भावानं मिरची पाठवली, यंदा तिखट आहे. ते इंग्रजीत विचारायचे, भाऊ कसा आहे, त्याचा गुडघा बरा आहे का. तिला कळायचं. एकदा त्यांनी फळ्यावर न लिहिता, सावकाश, एकेक शब्द ठेवत सांगितलं, की मला जे बोलायचं असतं ते माझ्या मनात मराठीत असतं, पण दार उघडलं की बाहेर दुसरंच कुणी येतं. तिनं त्यांचा लुळा हात मांडीवर घेतला. "येऊ द्या. मी त्याले पण वळखतो आता."

थंडीत दुसरा झटका आला. लहानसा होता, मेडिकलला दोनच दिवस ठेवलं. बोलणं गेलं नाही. पण घरी आल्यावर ते चष्मा फ्रिजमध्ये ठेवू लागले. सकाळी संध्याकाळ समजू लागले. डॉक्टरांनी नंदिनीला बाजूला घेऊन सांगितलं, मेंदूला रक्त कमी पडतंय, हे हळूहळू वाढत जाईल. नंदिनीनं ते आईला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं जयाला रोज घरात दिसत होतं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. जया पोह्यांची ताटली घेऊन पुढच्या खोलीत आली. आनंदराव पलंगावर नीट बसले होते, केस विंचरलेले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि अनोळखी बाईशी बोलावं तशा अदबीनं म्हणाले,

"एक्स्क्यूज मी, मॅडम. हू आर यू?"

जयाला ते कळलं. शब्द, वाक्य, प्रश्न, सगळं लख्ख कळलं. कुणाला विचारायची गरज पडली नाही. इतक्या महिन्यांच्या कष्टानं जे मिळवलं होतं, ते एका क्षणात सगळं कामी आलं. तिला वाटलं, देवा, हे नसतं कळलं तर बरं झालं असतं. नसतं कळलं तर मी पाणी आणून दिलं असतं, उशी सरळ केली असती.

"जया," ती म्हणाली.

"फुल सेंटेन्स, प्लीज."

तिनं ताटली खाली ठेवली. "आय... आय अॅम जया."

"गुड," आनंदराव म्हणाले. "सिट डाउन."

ती चटईवर बसली. त्यांनी खडू मागितला आणि नव्या विद्यार्थिनीला शिकवावं तसं पहिल्यापासून सुरू केलं. आधी नुसता शब्द.

दुपारी नंदिनी आली आणि फळा बघून म्हणाली, "अरे वा, बाबांनी पुन्हा शिकवायला घेतलं?" तेव्हा जया तिच्या गळ्यात पडली आणि दाबून ठेवलेला हुंदका फुटला. "त्यायनं मले वळखलं नाही वं. नाव विचारलं माहं." नंदिनीनं तिला घट्ट धरलं. दोघी स्वयंपाकघराच्या दारात तशाच उभ्या राहिल्या. पुढच्या खोलीत आनंदराव मोठ्यानं इंग्रजी पेपर वाचत होते.

त्यानंतर काही सकाळी ते तिला ओळखायचे, बऱ्याच सकाळी नाही. ओळखलं नाही की शिकवणी पहिल्या शब्दापासून. जया सगळं नव्यानं शिकायची. चुकायचीही मुद्दाम, कारण चूक सुधारताना त्यांचा चेहरा उजळायचा.

असंच शिकवता शिकवता एकदा त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुमचं लग्न झालंय का?

"येस. आय अॅम मॅरीड," ती म्हणाली.

नवरा काय करतो?

"ही टीचेस."

त्यांना समाधान वाटलं. कसा आहे तो, त्यांनी विचारलं. जयानं शब्द शोधले. इंग्रजीत जेवढे जमले होते त्यात तो माणूस मावत नव्हता. तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "लय चांगला आहे हो. लय."

"इन इंग्लिश, प्लीज."

"ही इज... गुड मॅन."

"अ गुड मॅन," आनंदरावांनी प्रेमानं दुरुस्त केलं. "अ. आर्टिकल विसरू नका," हेही त्यांनी इंग्रजीतच सांगितलं.

"ही इज अ गुड मॅन."

त्यांनी मान डोलावली, खडू खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघितलं. ऊन कलायला लागलं होतं. मग ते खुर्चीचा हात धरून उठू लागले. आता निघायला हवं, ते म्हणाले. घरी माझी बायको वाट बघत असेल.

जयानं नाही म्हटलं नाही. काजल मॅडमनी सांगून ठेवलं होतं, वाद घालू नका, त्यांच्या मनानं घ्या. तिनं त्यांच्या पायात चप्पल घातली, हात धरला आणि दोघं बाहेर पडली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, बुद्धविहारापाशी वळली, इस्त्रीवाल्याच्या टपरीवरून मागच्या रस्त्यानं परत आली. वाटेत कुणीतरी "जयभीम सर" म्हणालं, त्यांनी मान लववली. फाटकाशी आल्यावर ते थांबले आणि घराकडे बघून त्यांचा चेहरा सैल झाला. हेच, ते म्हणाले.

तिनं कडी काढली, त्यांना धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. पलंगाकडे बघितलं, आतल्या दाराकडे बघितलं.

"व्हेअर इज शी?"

"शी इज इन द किचन," जया म्हणाली.

मग ती आत गेली, आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.