दोन टोले

मी घंटा बोलतेय. दारावरची नव्हे आणि शाळेतली तर मुळीच नव्हे. शाळेतल्या घंटेशी माझं वाकडं आहे, ते का ते पुढे कळेलच. मी बॉक्सिंगच्या रिंगणाशेजारची, लाकडी पाटीवर ठोकलेली, पितळेची. माझ्याजवळ एक लहानशी हातोडी आणि हातोडीला दोरी. दोरी ओढली की टण. एक टण झालं की मारामारी सुरू, पुढचं टण झालं की बंद. मधल्या वेळात कोणी कोणाचं ऐकत नसे, माझं मात्र सगळे ऐकत. नाक फुटलेला ऐके, फोडणाराही ऐके. उगारलेला हात हवेतच थांबे. एवढा मान घरातल्या कर्त्या माणसालाही मिळत नाही, त्यामुळे मी जरा शेफारले होते, हे कबूल करते.

टिटवी आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. हे नाव बॉक्सिंग शिकवणाऱ्या सरांनी ठेवलेलं, तिच्या काडीसारख्या पायांवरून. खरी टिटवी ओरडून रान डोक्यावर घेते. हिच्या तोंडून शब्द फुटायची मारामार. ठोसा बसला तरी हूं नाही, दिला तरी चूं नाही. पण माझा टोला पडला, की त्याच क्षणी हात खाली, पाठ फिरवायची आणि आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलाकडे चालू लागायचं. बाकीच्यांचा एखादा ठोसा टोल्यानंतरही निसटायचा. हिचा दहा वर्षांत एकही नाही. सर इतरांना हिचं उदाहरण देत, आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

मग तिचं लग्न झालं, बाळंतपण झालं. व्यायामशाळेत पिंपिं करणारं घड्याळ आलं. सरांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिलं. "घेऊन जा. हिचं तुझ्याइतकं कोणी ऐकलं नाही," म्हणाले. तेव्हापासून मी तिच्या घरी, दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर. तिची लेक माझ्यासमोर रांगली, उभी राहिली, धावू लागली. तिला सगळे छबी म्हणत. बाहेर जायचं म्हटलं, की ती आधी बूट घालायची आणि मग चड्डी शोधायची.

एका दुपारी मायलेकी परतल्या त्या दवाखान्यातून. छबीच्या हनुवटीला दोन टाके. टिटवीने नवऱ्याला, नणंदेला, शेजारणीला एकच सांगितलं: गल्लीत एकाने पिशवी हिसकावली, माणूस दांडगा होता, धक्का बसला, पोर पडली. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं.

तिसऱ्या दिवशी माझ्यावरची धूळ पुसता पुसता ती खरं बोलली. माणूस दांडगा नव्हताच. तिचे दोन ठोसे त्याला नेमके बसले होते, तो भिंतीला टेकून घसरत होता. तेवढ्यात पलीकडची शाळा सुटली आणि तिथली घंटा वाजली.

"आणि मी हात खाली घेतले," ती म्हणाली. "पाठ फिरवली. कोपरा शोधत होते गं मी."

त्याने मागून ढकललं, ती छबीच्या अंगावर पडली. पिशवी गेली. पिशवीचं काय एवढं.

मी चार दिवस त्या शाळेतल्या घंटेला शिव्या घातल्या. पण सवय काही तिने लावली नव्हती.

त्यानंतर दोन महिने टिटवीने छबीला उंबऱ्याबाहेर नेलं नाही. कडी तीन-तीनदा तपासायची. दारावरची बेल वाजली की हातातला चमचा जिथल्या तिथे थांबायचा. नवरा म्हणायचा, अगं, बॉक्सर ना तू? त्याला धीर द्यायचा असे, तिच्या मात्र वर्मी लागे. छबी बूट घालून दाराशी उभी राहायची आणि विचारायची, "निगायचं?" टिटवी म्हणायची, उद्या हं. असे किती उद्या गेले, ते मी मोजायचं सोडून दिलं.

शेवटी नणंदेने तिला रविवारच्या एका वर्गाला धाडलं. जवळच्या सभागृहात एक निवृत्त कंडक्टरबाई बायकांना स्वतःला वाचवायला शिकवत. पहिल्या दिवशी टिटवी घरी आली ती हसत की रडत, कळेना. रिंगणातल्या सवयीने तिने समोरच्या बाईच्या मुठीला आधी आपली मूठ टेकवली होती. ती बाई विचारत बसली, काय देतेस? मग ओरडायला सांगितलं, तर तोंडातून निघालं, "अहो, जरा ऐकता का?" बाई म्हणाल्या, जीव वाचवायला ओरडतेयस की सुटे मागतेयस? अंगात जोर आला तेव्हा ही ठोशामागून ठोसे देत राहिली, दार उघडं असून पळाली नाही. बाईंनी एकच प्रश्न विचारला, तो तिने नवऱ्याला दोनदा सांगितला.

"तुला जिंकायचंय, की घरी पोचायचंय?"

बाईंना तिने माझ्याबद्दलही सांगितलं असावं, कारण पुढच्या रविवारी मी पिशवीत होते.

बाईंचे यजमान, वर्गातल्या सगळ्यांचे काका, पूर्वी बस चालवायचे. ते आता हेल्मेट आणि जाड गाद्या बांधून हल्लेखोर व्हायचे. चटईवर एक गुंडाळलेलं पांघरूण, ती छबी. काकांनी टिटवीचा दंड धरला, तिने कोपर मारलं, आणि बाईंनी माझी दोरी ओढली. टण. टिटवीचे हात खाली. पाठ वळली. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. काका हेल्मेट काढून घाम पुसत म्हणाले, पोरी, मला निदान मारून तरी जा.

बाई मला मांडीवर घेऊन बसल्या. "आमच्या बसमध्ये एक टोला म्हणजे थांब आणि दोन म्हणजे निघ. तुझ्या घंटेला दुसरा टोला कोणी शिकवलाच नाही."

खरं होतं. लागोपाठ दोन टोले मला जन्मात माहीत नव्हते. मग बाई टण-टण वाजवू लागल्या. टिटवी पहिल्यावर अडखळे, दुसऱ्यावर पळे. असे दोन रविवार गेले.

त्यापुढच्या रविवारी बाईंनी एकच टोला दिला आणि दोरी सोडून दिली.

टिटवीचा हात खाली येऊ लागला. खांदा वळू लागला. ज्या घंटेने उभ्या आयुष्यात फक्त आज्ञा दिल्या, ती मी विनवणी करत होते: बाई गं, माझं ऐकू नकोस. तिची नजर चटईवरच्या पांघरुणावर गेली.

"मागे हो!"

खिडक्यांची तावदानं थरारली, आणि मीही. दुसरा टोला तिच्याच घशातून निघाला होता. काकांच्या गादीत कोपर रुतलं, पांघरूण काखेत गेलं, आणि ती दारातून जी सुटली, ती परत येईचना. शोधायला माणसं धाडावी लागली. दोन गल्ल्या पलीकडे, बसथांब्यावर, ती पांघरूण पोटाशी धरून अनवाणी उभी सापडली. बाई म्हणाल्या, चला, नाव ठेवणाऱ्याचं चुकलं नव्हतं.

आता मी परत चपलांच्या कपाटावर आहे. टिटवी बरी झाली, असं मी म्हणणार नाही. आज सकाळीही तिने कडी तीनदा तपासली, पण तिसऱ्या वेळी काढली. छबीने बूट घातले होते. चवड्यांवर उभी राहून तिने माझी दोरी ओढली. टण. टिटवी उंबऱ्यातच थबकली, पिशवी हातात, पाठ अर्धी वळलेली. माझा जीव टांगणीला लागला. छबीने आईकडे पाहिलं आणि दोरी पुन्हा ओढली.

टण.

"निगायचं," ती म्हणाली. या वेळी तिने विचारलं नव्हतं.

दोघी जिना उतरून गेल्या. तुमच्याही घरात, डोक्यात, कुठेतरी माझ्यासारखी एखादी असेल, जिचा टोला पडला की तुम्ही थांबता. तिला दुसरा टोला शिकवा, एवढंच मागणं. मी मात्र त्या परत येईपर्यंत अशीच बारीक थरथरत बसणार. दार वाजल्याशिवाय माझा नाद काही विरायचा नाही.