अर्धा कोयता

दसरा झाला की मंगल आणि अजिनाथ ऊस तोडायला निघायचे. नवराबायको मिळून एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम ट्रकजवळसुद्धा फिरकू देत नाही. यंदा अजिनाथ बालाघाट प्रो लीगमध्ये युसूफ वडगावच्या फुटबॉल संघाचा पगारी गोलकीपर झाला होता. पगार कसला डोंबलाचा, बूट आणि चहापाणी भागायचं! पण लीग दसऱ्याआधी संपणार म्हणून मंगल गप्प होती. आता हे नवीन खूळ निघालं, लीग संक्रांतीपर्यंत लांबवायची.

खूळ काढलं म्हणे संघमालक सुंदररावांनी. त्यांना निवडणूक लढवायची होती, तोवर मैदानावर गर्दी हवी होती. आव मात्र लोकशाहीचा. मैदानातच सभा घेतली आणि म्हणाले, "खेळाडू म्हणतील तसं."

मंगल लाज गुंडाळून बायकांतून उठली. "मालक, ह्यांना सोडा. मुकादमाला शब्द दिलाय. ह्यांच्याबिगर मला कुणी नेत न्हाई."

"म्या कोण सोडणारा?" सुंदरराव हसले. "ईचार की त्यालाच."

अजिनाथची नजर जराही खाली गेली नाही. "म्याच म्हणलं व्हतं मालकांना, लीग लांबवा. ह्या हातांनी आता ऊस न्हाई तोडणार."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठी शिट्टी वाजवली वैष्णवीने, त्यांच्या नववीतल्या लेकीने. पोरगी स्वतः शाळेच्या संघात खेळायची, बापानेच शिकवलेली. दिवाळीनंतर तिची जिल्हा संघासाठी चाचणी होती. "मम्मी, पप्पा हिरो झाले!" ती ओरडली.

"अवो, मग माझ्यासंगं कोण?" मंगलने विचारलं.

"वैष्णवी हाय की. तुझ्या खांद्याला लागली आता."

पोरीच्या शिट्ट्या थांबल्या. "पप्पा, माझी चाचणी हाय ना?"

"पुढल्या साली दे," अजिनाथ हातमोजे काढत म्हणाला. मेल्याला त्यात काही वावगं वाटलंच नाही. सुंदररावांनी माईक ओढला आणि त्याच्या त्यागाचं तोंडभरून कौतुक केलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आला. धर्मराज मुकादमाने वैष्णवीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बैल घेताना चाचपतात तसा तिचा दंड चाचपला. "चालंल," म्हणाला. मंगलच्या अंगाची लाही लाही झाली. तिथल्या तिथं त्याच्या थोबाडात द्यावीशी वाटली. पण पोरीवाचून ती पुन्हा अर्धाच कोयता. भर मैदानात मालकापुढे बोलणाऱ्या बाईने इथं बोचकं उचलून ट्रकमध्ये टाकलं.

वैष्णवीने तिचा पदर धरला. "मम्मी, तू न्हाई म्हण ना. तू म्हणलीस तर म्या ऱ्हाते आजीपाशी. तू म्हण फक्त."

मंगलने तिच्या पाठीत असा धपाटा घातला की पोरगी ट्रकच्या फळीवर आदळली.

"चढ वर," ती म्हणाली. "म्हणं जिल्ह्याला खेळणार! बापाला शिट्ट्या वाजवताना बरं सुचत व्हतं."