तांब्याचं कडं आणि यंत्राचं मौन

वीजघराच्या नियंत्रण कक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धा कारखाना हातातलं काम टाकून भिंतीवरच्या एका आकड्याकडे टक लावून उभा होता. एक युनिट वीज करायला किती गॅस लागतो, तो हा आकडा. दोन आठवड्यांत तो सहाव्या हिश्श्याने उतरला होता. श्रेय होतं वीज करणाऱ्या टर्बाइन यंत्राच्या गॅसपाइपवरच्या तांब्याच्या कड्याला, आणि ते बसवणाऱ्या ऊर्जागुरूंना.

"गॅस आळसावलेला असतो," गुरू सांगत होते. "कडं त्याला जागं करतं. पण साधना हवी! एक यंत्र कडं धारण करील, दुसरं मौन पाळील."

"म्हणजे बंद राहील," पाळीप्रमुख बाई मागून म्हणाल्या.

"बंद नाही, मुली. मौन!"

टाळ्या पडल्या. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

कारखान्याला लागणारी वीज एका यंत्रापुरतीच होती. तरी वर्षानुवर्षं दोन्ही यंत्रं निम्म्या ताकदीवर चालत. टर्बाइनची खोड अशी, की काम निम्मं केलं तरी निम्म्या गॅसवर भागत नाही. बराच जास्त लागतो. ‘एक पूर्ण चालवा, दुसरं बंद पण दहा मिनिटांत सुरू होईल असं तयार ठेवा,’ असं बाईंनी तीन वर्षांत चारदा लेखी दिलं होतं. कारखान्याच्या साहेबांचं उत्तर ठरलेलं: "चाललंय ना? मग कशाला हात लावता?" तीच गोष्ट गुरूंनी ‘मौन’ म्हणून सांगितली आणि साहेबांच्या गळी अलगद उतरली.

एवढ्यावर भागलं असतं तर बाई दात-ओठ खाऊन गप्प बसल्या असत्या. पण पुढच्या महिन्यात नवी भट्टी पेटणार होती. मग एक यंत्र पुरणार नव्हतं. दोन्ही अर्धवट भारावर चालवावी लागणार होती. आणि दोन्हींच्या हवेच्या तोंडाशी असलेल्या, उघडझाप करणाऱ्या पाकळ्या सताड उघड्या अडकल्या होत्या. काम कमी असलं तरी यंत्र हवा मात्र पोटभर ओढायचं. ती दाबण्यात ताकद वाया जायची आणि यंत्राच्या गरम धुरावर तापणारा मागचा बॉयलरही थंडावायचा. पाकळ्यांच्या दुरुस्तीला मिळालेला होकार साहेब आज मागे घेणार होते.

"कडं असताना पाकळ्या कशाला?" साहेब म्हणाले. "दुसऱ्यालाही कडं घालू."

"साहेब, कड्याबरोबर मौनही आलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या. आकडा कशामुळे उतरला ते कसं कळणार?"

"शंका घेतली की शक्ती उतरते," गुरूंनी बजावलं.

"मग मीटरलाही श्रद्धा ठेवायला सांगा."

कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. "चला, कडं डोळ्यांनी बघा आणि विषय संपवा."

सगळी वरात टर्बाइनपाशी गेली. पाइप ताज्या पिवळ्या रंगाने चकाकत होता. कडं नव्हतं.

"चोरी!" गुरू ओरडले.

शिडीवरून रंगारी खाली उतरला. "कसली चोरी? ते कडं होय? मीच काढलं. सोमवारी."

"सोमवारी?" बाईंनी विचारलं.

"वस्तूच्या भोवतीनं रंग मारायचा नाही, ही आमची रीत. खाली गंज तसाच राहतो. वाळलं की परत बसवणारच होतो." त्याने बोट दाखवलं. रंगाच्या डब्याचं झाकण वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर कडं ठेवलं होतं.

बाईंनी नोंदवही उघडली. "आज शनिवार. सहा दिवस कडं डब्यावर, आणि आकडा जिथल्या तिथे."

"शक्ती पाइपात मुरली असेल," गुरू पुटपुटले.

"मग दोन्ही पाइपांना कडी घाला आणि दुसऱ्याचं मौन सोडा. बघू."

साहेबांनी एवढं ऐकलं. गुरूंच्या पिशवीतलं दुसरं कडंही चढलं. दोन्ही यंत्रं निम्म्यावर आली आणि तासाभरात आकडा जुन्या जागी जाऊन बसला. तोवर गुरू फाटकाबाहेर पोचले होते.

"म्हणजे मौनच खरं!" साहेब म्हणाले. "मग तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?"

बाईंनी चारही अर्ज पुढे केले. "सांगितलं होतं. फक्त मौन म्हटलं नव्हतं."

साहेबांनी दुरुस्तीच्या कागदावर सही केली. मग हळूच म्हणाले, "कडी असू द्यात ना. काय बिघडतं?"

"बिघडतं, साहेब. उद्या आकडा चढला की आपण पाकळ्या तपासायच्या सोडून कडी घासत बसू." बाई जमलेल्यांकडे वळल्या. "चमत्कार दिसला की एकच विचारा: आणखी काय बदललं होतं? त्याला ना गुरू लागतो, ना पदवी."

त्यांनी दोन्ही कडी काढली आणि पहिलं रंगाऱ्याच्या हातात दिलं.

"काका, झाकणावरच ठेवा. तिथे त्याचा गुण आलाय."