कामात काही अडतं का?

सेइरोकु तातेबे सलग तिसऱ्या वर्षी तेच उत्तर देणार, हे चिझुरुला ठाऊक होतं. तरी तिने विचारलं. कानाझावातल्या त्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या पेशंटांना समजावण्याचं काम तिचं होतं आणि पहिला प्रश्न ठरलेला होता.

"कामात काही अडतं का?"

"छे. पन्नास वर्षं किमोनो रंगवतोय, हात आपोआप चालतो."

"पण मोतीबिंदू कडक होत चाललाय. आणखी थांबलात तर ऑपरेशन अवघड जाईल, डोळ्याला धोका वाढेल."

"अडलं की करू, असं तुम्हीच म्हणाला होतात ना, बाई?"

म्हणाली होती खरी, पहिल्या वर्षी. चिझुरुला स्वतःच्याच जिभेचा राग आला.

कारण मघाशी डोळ्यांत थेंब टाकून त्यांना आत बसवलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, फुमिएने, तिला जिन्यापाशी गाठलं होतं. ह्यांना निळा नि काळा वेगळा दिसतच नाही, म्हणाली. ते रंग कालवून जेवायला उठतात, तेवढ्यात ती वाट्या ओतून देते आणि नवे रंग कालवून ठेवते. तीन वर्षं हेच चाललंय.

"ऑपरेशन झालं की घरातले सगळे नमुने नीट दिसतील हो त्यांना. हा रंग आपला नव्हे, हे ते ओळखणार नाहीत? पुन्हा कुंचला धरायचे नाहीत ते. तुम्ही सांगू नका." एवढं बोलून ती कमरेत वाकली, ती चिझुरु हो म्हणेपर्यंत वर झाली नाही.

आता शब्द देऊन बसलेल्या चिझुरुने आडून प्रयत्न केला. "रंग पूर्वीसारखे दिसतात का, घरच्यांना एकदा विचारून बघा."

म्हातारा खो खो हसला. "यंदा बक्षीस मिळालं मला. परीक्षक म्हणाले, म्हातारपणी तातेबेंचा रंग उजळलाय. आणि हिला विचारू? चाळीस वर्षं शेजारी बसते, अजून रंगातलं ओ का ठो कळत नाही."

"मला कुठलं कळायला," त्याच्या शेजारी बसलेली फुमिए म्हणाली. तीही हसत होती.

चिझुरुला तिथून उठून जावंसं वाटलं. या बाईने नवऱ्याचं काही अडूच दिलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याचे डोळे जाणार होते. चिझुरुने फॉर्मवर 'अडचण नाही' असं लिहिलं, पुढच्या वर्षीची तारीख घातली आणि कार्ड पुढे केलं.

ते फुमिएने घेतलं. तिच्या नखांत निळा रंग भरला होता, अगदी त्याच्या डोळ्यांसमोर.