खाली धरलेली टोपी

मी एक जुनी लाकडी चौकट आहे, मित्रांनो, आणि मी ज्याला मिठी मारते ते मरतं. यात वैर काही नाही, माझा धंदाच तो. दोन जाळीदार फळ्या, मधे वर्तमानपत्रं, वरून दोन पट्टे. पानंफुलं आत ठेवायची, आवळायची, वाळवायची. मेक्सिकोतल्या डोंगरगावच्या सुताराने मला पलंगाच्या उरलेल्या लाकडातून घडवलं, म्हणून मला अजून दुपारी झोप येते. माझ्या पोटातल्या कागदावर फुटबॉलचा एक सामना कित्येक वर्षं बरोबरीतच आहे.

माझी मालकीण निकानोरा, रानोमाळ झाडंझुडपं ओळखत फिरणारी बाई. एके काळी तिच्या पाठीवर माझा थाट होता. मग फोनवर फोटो निघू लागले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे एका कोंबडीने माझ्यावर अंडी उबवली. पिल्लं सपाट निघाली नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं.

एका सकाळी निकानोराने धूळही न झटकता मला खाली ओढलं. गावामागच्या उतारावर रस्ता खोदायला यंत्र आलं होतं आणि त्याच उतारावर तिला ती रानटी लाल साल्व्हिया दिसली होती, जी संपली असं सगळे धरून चालले होते. साल्व्हिया म्हणजे तुमच्या तुळशीची लांबची बहीण. पण या बहिणी पानांवरून ओळखू येत नाहीत. फुलातले केसर पाहावे लागतात. मागच्या खेपेला निकानोराने नुसत्या पानांवर काम थांबवलं होतं आणि ती निघाली कुंपणाला उगवणारी साधी बहीण. तेव्हा रस्त्याचे इंजिनियर म्हणाले होते, "बाई, पाल्यावर रस्ता थांबत नाही. फूल दाखवा, रस्ता वरून वळवतो." आज ते दुपारी येणार होते.

उतारावर एकच झुडूप उरलं होतं आणि त्यावर एकच फूल. बाकीचं शेजारची बकरी चघळत होती. तिच्या चेहऱ्यावर शास्त्राविषयी काडीचा आदर नव्हता.

यंत्र चालवणारा एउलोखियो तिचा कोम्पाद्रे, ती त्याची कोमाद्रे. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला निकानोरा धर्ममाता होती. आमच्याकडे एक वेळ देवाला नाही म्हणतात, पण या नात्याला नाही.

"तोड की कोमाद्रे, दुपार होत आली!"

"तोडलं तर बी कुठून येणार? तुझ्या मिशीतून?"

"मिशीत आजवर काही उगवलं नाही."

"मग गप ऐक. परागांचं काम झालं की फूल आपसूक गळतं, केसरांसकट. बी वर देठाशीच राहतं. पण आधी हमिंगबर्डने चोच घालायला हवी. तुझ्या धडधडाटात तो कसा फिरकेल?"

त्याने यंत्र बंद केलं. "साहेबांनी विचारलं तर?"

"बिघडलं म्हण."

"काय बिघडलं?"

"डोकं म्हण. लगेच पटेल त्यांना."

एउलोखियोने आपली टोपी फुलाखाली धरली. ऊन चढलं. पक्षी येईना. निकानोरा ओठांतल्या ओठांत एकेका संताला हाक मारत होती. ओळखीचे संपल्यावर तिने अनोळखी धरले. अखेर पक्षी आला, चोच घालून गेला. फूल हललं. पडलं नाही.

तेवढ्यात इंजिनियर पोचले. "अजून झाडावरच? अहो, हे घ्या की!" म्हणत त्यांनी हात पुढे केला.

एउलोखियोने त्यांचं मनगट पकडलं. "साहेब, माझी नोकरी जाऊ दे. फूल नाही."

बकरीसुद्धा चघळायची थांबली. आणि फूल टोपीत पडलं. आवाज झाला नाही, पण मी ऐकला.

निकानोराने भिंग लावलं. केसर सी-सॉसारखे झुलत होते; तीच ती. तिने भिंग इंजिनियरांकडे दिलं आणि मातीत बसून रडू लागली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग रस्त्यासाठी ठोकलेली लाल खुंटी उपटली, दूर नेऊन पुन्हा ठोकली आणि तिला बकरी बांधली.

ते फूल आता माझ्या मिठीत आहे. माझ्या आयुष्यात, मिठी मारण्याआधी स्वतःहून आलेलं हे एकटंच. मित्रांनो, काही आवडलं की हात पुढे जातोच. जाऊ द्या. फक्त तळवा वर करा, आणि खाली धरा.